ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला का?

पीएचडीचं प्रपोजल लिहायला बसलेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. "आधी मोजलं, मग उपचार केला, मग परत मोजलं. फरक दिसला. एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही का? कंट्रोल ग्रुप हवाच का?" संशोधनपद्धतीच्या पुस्तकात याचं उत्तर दोन ओळींत असतं, आणि दोनच ओळींत असल्यामुळे ते डोक्यात राहत नाही. म्हणून आज आपण एक फिश टँक घेऊ. साधा, दोन फुटी, हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेला. त्यातला एक मासा आजारी आहे आणि तुम्हाला त्याला वाचवायचंय. हे उदाहरण मी मुद्दाम निवडलंय. कारण या आजारात "आधी आणि नंतर" ही तुलना नुसती कच्ची नसते, ती चक्क उलटं उत्तर देते. आणि त्या उत्तरावर विसंबून राहिलात तर आठवड्याभरात सगळी टाकी रिकामी होऊ शकते.

समजा, डिसेंबर महिना आहे. रविवारी तुम्ही चार नव्या मॉली आणल्या आणि थेट जुन्या माशांच्या टाकीत सोडल्या. गुरुवारी एका मॉलीच्या शेपटीवर रव्याचे कण चिकटल्यासारखे पाच-सहा पांढरे ठिपके दिसले. मासा मधूनच खडीला अंग घासतोय. शुक्रवारी ठिपके तीस झाले. दुकानदार म्हणाला निळं औषध टाका. मावशी म्हणाल्या चिमूटभर हळद टाक, जंतू मरतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी सांगितलं की बदामाचं पान टाका (आपला रस्त्याकडेचा मोठ्या पानांचा देशी बदाम, मासे पाळणाऱ्यांचा त्यावर फार जीव). तुम्ही यातलं काहीतरी एक शुक्रवारी संध्याकाळी टाकलं. सोमवारी बघता तर अंगावर एकही ठिपका नाही. मासा खातोय, फिरतोय.

आता सांगा, उपाय लागू पडला का?

ठिपका म्हणजे काय

या आजाराला मासे पाळणारे 'व्हाइट स्पॉट' किंवा 'इक' म्हणतात. कारण आहे एक परजीवी, इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस. नाव भयंकर आहे, पण प्राणी एकपेशीय. फुके या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ साली त्याचं वर्णन केलं. शाळेत पॅरामेशियमची आकृती काढलेली आठवत असेल, अंगभर बारीक केसांसारखी झालर असलेली. हा त्याच मोठ्या कुटुंबातला. फरक एवढाच की पॅरामेशियम साचलेल्या पाण्यात स्वतःचं स्वतः जगतो आणि याला मासा लागतोच. प्रयोगशाळेत सुद्धा याला माशाशिवाय पिढ्यानपिढ्या वाढवता येत नाही. याच्यावर काम करणाऱ्या लॅबना एका माशावरून दुसऱ्या माशावर संसर्ग चालू ठेवावा लागतो.

याचं आयुष्य तीन टप्प्यांत जातं. शास्त्रीय नावं ट्रोफॉन्ट, टोमॉन्ट आणि थेरॉन्ट. मी त्यांना खाणारा, फुटणारा आणि शोधणारा म्हणेन, म्हणजे कोण काय करतो ते लक्षात राहील.

खाणारा माशाच्या त्वचेत किंवा कल्ल्यांत शिरून राहतो. त्वचेवर नाही, त्वचेच्या वरच्या थराखाली. तिथे तो पेशी खातो, गोल गोल फिरतो आणि जवळपास एक मिलीमीटरपर्यंत वाढू शकतो. आपल्याला जो पांढरा ठिपका दिसतो तो हा. सुरुवातीला तो इतका लहान असतो की डोळ्यांना दिसतच नाही. म्हणजे ठिपका दिसला त्या दिवशी आजार सुरू झाला असं समजू नका, तो आधीच अर्धा पुढे गेलेला असतो. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हा खाणारा साधारण चार दिवस ते आठवडाभर माशावर राहतो. मग पोट भरलं की स्वतःहून माशाला सोडून जातो.

इथे जरा थांबा. तो स्वतःहून सोडून जातो. हळद टाका, निळं औषध टाका, बदामाचं पान टाका, नाहीतर काहीच टाकू नका. ठिपका दिसायला लागल्यापासून दोन-चार दिवसांत तो ठिपका जाणारच आहे.

सोडून गेल्यावर तो खडीवर, झाडाच्या पानावर, काचेवर कुठेतरी चिकटतो आणि भोवती चिकट आवरण तयार करतो. हा फुटणारा. आवरणाच्या आत तो दुभंगत जातो, एकाचे दोन, दोनाचे चार करत काहीशे, कधी हजारापर्यंत पिल्लं. २५ अंशांना हे काम साधारण एका दिवसात उरकतं. मग आवरण फुटतं आणि शोधणारे बाहेर पडतात. बारीक, जोरात पोहणारे. त्यांच्याकडे वेळ कमी असतो. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर संपले. सापडला तर त्वचेत शिरतात आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता वरच्या गोष्टीतला सोमवार परत बघा. माशावर एकही ठिपका नाही, कारण सगळे खाणारे उतरून खडीत गेलेत. समजा तीस होते आणि प्रत्येकातून तीनशे शोधणारे निघाले. म्हणजे नऊ हजार. त्यातल्या शंभरात दोघांनाच मासा सापडला असं धरलं तरी पुढच्या फेरीला एकशे ऐंशी ठिपके. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, पण हिशोबाचा आकार असाच असतो. ज्या दिवशी मासा सगळ्यात स्वच्छ दिसतो, त्याच दिवशी टाकी सगळ्यात धोकादायक असते.

श्रेय कुणाला?

आता याच्याकडे संशोधक म्हणून बघू. शंभर घरांत शंभर वेगवेगळे निरुपयोगी उपाय केले आणि सगळ्यांनी ते ठिपके दिसल्यावर दुसऱ्या दिवशी केले, तर चौथ्या-पाचव्या दिवशी बहुतेक जण सांगतील की ठिपके गेले किंवा खूप कमी झाले. कुणीही खोटं बोलत नसेल. निरीक्षण खरं, निष्कर्ष चुकीचा. कारण तुलना "उपायाआधी" शी केली, "उपाय नसता तर" शी केली नाही. आजाराची स्वतःची चाल माहीत नसेल तर उपचाराचा परिणाम मोजता येत नाही. कंट्रोल ग्रुपचं खरं काम हेच की उपाय नसता तर काय झालं असतं ते तो आपल्याला दाखवतो.

पुढे काय होतं बघा. आठवड्याभराने ठिपके परत येतात, या वेळी सगळ्या माशांवर. आपण काय म्हणतो? "एकदा बरा झाला होता, पुन्हा लागण झाली." किंवा "डोस कमी पडला." पहिला निष्कर्ष जागचा हलत नाही, उलट दुसरी लाट त्याच्याच बाजूने वाचली जाते. मग दुसरा उपाय करतो, मग तिसरा. यात काही मासे मरतात. जे जगतात त्यांच्या शरीरात आता प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. हे ऐकीव नाही. अमेरिकेत जॉर्जिया आणि कॉर्नेल या विद्यापीठांतल्या गटांनी मांगूरसारख्या दिसणाऱ्या चॅनल कॅटफिशवर यावर बरंच काम केलंय. एकदा संसर्गातून वाचलेल्या माशाच्या शरीरातली प्रतिद्रव्यं या परजीवीच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाला पकडतात, आणि शोधणाऱ्यांची हालचालच थंडावते. थोडक्यात, तिसऱ्या लाटेपर्यंत टिकलेला मासा बऱ्याचदा स्वतःच्या जोरावर टिकलेला असतो. श्रेय मात्र जातं शेवटी टाकलेल्या बाटलीला. हरवलेली किल्ली नेहमी शेवटी शोधलेल्या जागीच सापडते, तसं.

आणि ज्यांचे सगळे मासे मेले ते "हळदीने बरे झाले का?" या प्रश्नाला उत्तर द्यायला येतच नाहीत. त्यांनी टाकी माळ्यावर ठेवलेली असते.

अजून एक गोष्ट, जी नव्या संशोधकांकडून सगळ्यात जास्त निसटते. कुणी म्हणेल, "एका माशाची गोष्ट नाही, माझ्या टाकीत बारा मासे होते आणि बारापैकी दहा वाचले." तर तुमचा नमुना किती? बारा नाही. एक. बारा मासे एकाच पाण्यात आहेत, त्यांना एकच तापमान, एकच फिल्टर, एकाच खडीतून निघालेले परजीवी. औषध माशाला दिलं नाही, टाकीला दिलं. म्हणून प्रयोगाचं एकक टाकी. एकाच टाकीतले मासे वेगवेगळे मोजून नमुना बारा म्हणणं याला संख्याशास्त्रात 'सूडोरेप्लिकेशन' म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली परिसंस्थेच्या प्रयोगांमध्ये ही चूक किती सर्रास होते ते दाखवलं आणि तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. तुमचा विषय मासे नसला तरी हे तपासा. एकाच वर्गातले चाळीस विद्यार्थी, एकाच गावातली साठ घरं, एकाच पेट्री डिशमधल्या दोनशे पेशी: उपचार कुणाला दिला, वर्गाला की विद्यार्थ्याला?

मोजायचं काय, हाही प्रश्न आहेच. आपल्याला हवंय माशाचं जगणं. मोजतोय ठिपके, कारण ते दिसतात. दिसणारी खूण आणि हवा असलेला परिणाम यांत फट असू शकते. इथे तर कल्ल्यांच्या आत शिरलेले परजीवी बाहेरून दिसतच नाहीत, आणि श्वास घुसमटून मासा मरतो तो त्यांच्यामुळे. अंगावर तीन ठिपके असलेला मासा मरू शकतो. माणसांच्या औषधांतही हे घडलेलं आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडत असतील तर ते नियमित करणारी औषधं दिली जात. ठोके सुधारत होते, म्हणजे खूण छान. १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'कास्ट' नावाच्या चाचणीत त्यांतली काही औषधं घेणारे आणि नुसती निष्क्रिय गोळी घेणारे अशी तुलना झाली, तेव्हा कळलं की औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होते. कंट्रोल ग्रुप नसता तर डॉक्टर नियमित ठोके बघून समाधान मानत राहिले असते.

मग माशाचं करायचं काय?

बरं, मासा अजून टाकीत आहे. सिद्धांत पुरे.

आधी हा आजार तोच आहे का ते बघा. गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर विणीच्या काळात पांढरे टिपके येतात. ते नीट रांगेत, दोन्ही बाजूंना सारखे असतात आणि त्या जागांपुरतेच राहतात. तो आजार नाही, वयात आल्याची खूण आहे, आणि त्यावर औषधं ओतणारे लोक आहेत. अंगावर सोनेरी भुकटी शिंपडल्यासारखं दिसत असेल तर तो वेगळा परजीवी. कापसासारखा पुंजका असेल तर बहुधा बुरशी किंवा जिवाणू. इकचे ठिपके सुटे, मिठाच्या कणाएवढे, अंगावर कुठेही विखुरलेले, आणि रोज जागा बदलणारे. खात्री करायची असेल तर कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात जाणकाराकडून त्वचेवरचा चिकट थर काचपट्टीवर घ्या. साध्या सूक्ष्मदर्शकातून संथ गोल फिरणारा, आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक असलेला जीव दिसला की विषय संपला. मला विचाराल तर बायॉलॉजीच्या विद्यार्थ्याने हे एकदा तरी बघावंच.

आणि ठिपके नसताना मासा नुसता वर येऊन तोंड उघडझाप करत असेल तर औषधाच्या बाटलीकडे हात नेऊ नका, पाणी तपासा. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू अजून स्थिरावलेले नसतात. अमोनिया किती विषारी ठरेल हे पाण्याच्या पीएचवर अवलंबून असतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास विषारी रूपात असतो, पीएच ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर. एकाच आकड्याचा दहापट वेगळा अर्थ. तिथे उपाय एकच, पाणी बदलणे.

इक पक्का झाला, तर जीवनचक्राकडे परत या आणि स्वतःला विचारा, मारायचा कोणाला? खाणारा त्वचेखाली सुरक्षित आहे. त्याला मारेल एवढं तीव्र औषध टाकलं तर मासाही मरेल. फुटणाऱ्याभोवती आवरण आहे. उघड्यावर सापडतो तो फक्त शोधणारा. त्यामुळे इकचं कुठलंही औषध खरं तर माशावर उपचार करत नाही, ते पाण्यावर पहारा देतं. आणि सगळे परजीवी एका दिवशी उतरत नाहीत. कोणी आज, कोणी परवा, कोणी चार दिवसांनी. म्हणून पहारा रोज आणि पुरेसे दिवस हवा. ठिपके गेल्यावर औषध थांबवणं म्हणजे चोर रस्त्यावर उतरलेले असताना पहारेकरी घरी पाठवणं. शेवटचा ठिपका दिसल्यानंतर किमान दोन फेऱ्या निघून जाईपर्यंत उपचार चालू ठेवायचा, २५ अंशांना म्हणजे साधारण दोन आठवडे. पाणी थंड असेल तर चक्र लांबतं आणि उपचारही लांबतो. दहा-बारा अंशांच्या पाण्यात एक फेरी महिन्याहून जास्त चालू शकते. पुण्या-नाशिकची हिवाळ्यातली हीटर नसलेली टाकी आणि मुंबईची मे महिन्यातली टाकी यांना एकच वेळापत्रक लावता येत नाही.

मीठ हा जुना आणि स्वस्त पहारेकरी. गोड्या पाण्यातल्या माशांसाठी लिटरला एक ते तीन ग्रॅम, तेही एकदम नाही, दोन-तीन दिवसांत वाढवत. आता हिशोब करू, कारण इथे लोक अंदाजे मूठभर टाकतात. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट म्हणजे दोन घनफूट. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणून टाकी ५६.६ लिटर. पण वरची बोटभर जागा रिकामी, खाली खडी, दगड. खरं पाणी निघतं ४५ लिटरच्या आसपास. बाटलीवरचा डोस ५६ लिटरला मोजून टाकला तर सव्वापट औषध गेलं. दोन ग्रॅमच्या हिशोबाने मीठ लागेल ९० ग्रॅम. पाणी वाफ होऊन कमी झालं तर साधं पाणी भरा, मीठ उडून जात नाही. पाणी काढून बदललं तरच तेवढ्या पाण्यापुरतं मीठ घाला.

"आयोडीनचं मीठ चालत नाही, मासे मरतात," असं सगळीकडे ऐकाल. करून बघा हिशोब. आपल्याकडे दुकानातल्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावं लागतं. ९० ग्रॅम मिठात ते झालं १.३५ मिलिग्रॅम, ४५ लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ०.०३ मिलिग्रॅम. समुद्राच्या पाण्यात साधारण याच्या दुप्पट आयोडीन असतं आणि समुद्रात मासे आहेत. समुद्रातले मासे वेगळे हे मान्य, पण निदान "आयोडीन म्हणजे विष" म्हणणाऱ्याने आकडा दाखवावा. साधं खडे मीठ मिळालं तर उत्तम, नाहीतर अडून बसू नका. मात्र तळाचे मासे, लोच आणि कोरीडोरस वगैरे, मीठ कमी सोसतात आणि टाकीतली झाडं तर त्याहून कमी.

दुसरा मार्ग उष्णता. तीस अंशांच्या वर बहुतेक वेळा या परजीवीचं चक्र अडखळतं. पण तापमान हळूहळू चढवायचं, आणि गोल्डफिशसारख्या थंड पाण्याच्या माशांना हा मार्ग नको. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमध्ये जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना ७.६. आधीच कल्ले खराब झालेल्या माशाला हा फरक जाणवतो. हीटर वाढवला की एअर पंप लावायचाच. (आणि बघा, हीटर आणि एअर पंप आणि हळद एकाच संध्याकाळी टाकलीत, तर उद्या काय कशामुळे झालं हे कोणालाच सांगता येणार नाही.)

हिरवं औषध, म्हणजे मॅलाकाइट ग्रीन, शोधणाऱ्यांना मारतं हे खरं. पण तो कापड रंगवायचा रंग आहे, कर्करोगाच्या संशयावरून खाण्याच्या माशांवर वापरायला युरोप-अमेरिकेसह अनेक ठिकाणी बंदी आहे. घरात वापरायचं ठरवलंच तर हातमोजे घाला, आणि ते पाणी कुणाच्या शेततळ्यात जाणार नाही हे बघा.

माझा आवडता उपाय मात्र बादलीचा. यात औषधच नाही. दोन स्वच्छ बादल्या घ्या. आजारी माशांसकट टाकीतले सगळे मासे पहिल्या बादलीत. पाणी त्याच तापमानाचं, नळाचं असेल तर अँटी-क्लोरीन घातलेलं, सोबत एअर पंपचा दगड. दुसऱ्या दिवशी, जमलं तर बारा तासांनीच, मासे जाळीने दुसऱ्या बादलीत. पहिलीतलं पाणी ओतून द्या, बादली आणि जाळी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात खडखडीत वाळवा. माशावरून उतरलेले फुटणारे त्या बादलीच्या तळाशी चिकटलेले असतात आणि वाळले की मरतात. त्यांतून पिल्लं निघायच्या आत मासे पुढच्या बादलीत गेलेले असतात. आठवडाभर हे केलं की माशावर असलेले सगळे परजीवी एकेक करून उतरून गेलेले असतात आणि नवे चढायला कोणी उरलेलं नसतं. थंडीत जास्त दिवस करा. तोवर मूळ टाकीत एकही मासा नाही, म्हणून तिथले शोधणारे उपाशी मरतात. ती दोन आठवडे तशीच चालू ठेवा, फिल्टर बंद करू नका. कष्ट आहेत, मासा रोज पकडला गेल्याने घाबरतो, आणि फार मोठ्या टाकीला हे जमत नाही. पण बघा, हा उपाय कुणी औषधं टाकून टाकून शोधलेला नाही. तो सरळ जीवनचक्राच्या वेळापत्रकातून निघतो.

आणि हळद?

हळदीला मी हसत नाहीये. लसणासारख्या काही वनस्पतींच्या अर्काने काचेच्या बशीतले शोधणारे मरतात असं प्रयोगांत दिसलंय. पण बशीत तर फिनेलनेही मरतील. प्रश्न असा की मासा जगेल एवढ्या मात्रेत, टाकीभर पाण्यात, रोज, ते काम होतं का. खरंच तपासायचं असेल तर एक टाकी पुरणार नाही. निदान आठ-दहा सारख्या छोट्या टाक्या हव्यात, आणि कुठल्या टाकीत काय जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवं. खिडकीजवळच्या टाक्यांना हळद आणि आतल्यांना मीठ असं सोयीने वाटायचं नाही. एका गटाला काहीच द्यायचं नाही हे मनाला पटत नसेल, आणि पटू नयेच, तर हळदीची तुलना मिठाशी करा: मीठ विरुद्ध मीठ आणि हळद. काय मोजणार ते आधी वहीत लिहा: अठ्ठाविसाव्या दिवशी टाकीतले किती मासे जिवंत, आणि शेवटचे चौदा दिवस ठिपक्याविना गेले का. कॉलेजमध्ये करणार असाल तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीकडे आधी जा. मुद्दाम आजारी पाडलेला मासा हाही प्रयोगातला प्राणीच आहे.

उरला एक व्यवहारी प्रश्न. ठिपके मोजणाऱ्याला कुठल्या टाकीत काय टाकलंय ते कळता कामा नये, नाहीतर डोळे हवं ते मोजतात. आणि हळदीचं पाणी तर लांबून पिवळं दिसतं. तेव्हा फोटो टाकीत काढू नका. मासा काढून मिनिटभर साध्या पाण्याच्या काचेच्या भांड्यात घ्या, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, फोटोला नुसता क्रमांक द्या आणि मोजायला अशा मैत्रिणीकडे पाठवा जिला तुमचा प्रयोग कशाबद्दल आहे हेही माहीत नाही.